टीनएज मुलामुलींचा दमा आणि श्वासाचे त्रास: मुलगे आणि मुलींमध्ये फरक का पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वय दहा-बारा झालं की श्वासाचं गणित बदलायला लागतं, आणि मुलगा-मुलगीचं ते वेगवेगळ्या दिशेने बदलतं. पण घरी काय होतं, लहानपणीची फाईल तशीच पुढे चालू राहते. मग मुलीला नव्याने सुरू झालेला दमा 'टेन्शन घेते ती' म्हणून सुटून जातो आणि मुलग्याचा दमा 'गेला आता' म्हणून पंप (इन्हेलर) कपाटात जातो. म्हणून या वयात एकदा सगळं नव्याने तपासून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते. खाली पालक आणि मुलं स्वतः जे परत परत विचारतात ते प्रश्न आहेत. औषध सुरू-बंद करायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

दमा मुलग्यांना जास्त होतो की मुलींना?

वयावर आहे. लहानपणी मुलग्यांना जास्त, त्यांच्या हॉस्पिटलच्या फेऱ्याही जास्त. वयात येण्याच्या आसपास हा फरक कमी होत होत उलटा होतो आणि मोठेपणी दमा बायकांमध्ये जास्त दिसतो, त्यातही गंभीर दमा बायकांमध्ये जास्त. जगात वेगवेगळ्या देशांत हेच चित्र दिसलंय. सर्दी-शिंकांच्या ॲलर्जीचंही असंच आहे, लहानपणी मुलगे पुढे आणि टीनएजमध्ये मुली.

पण असं उलटं का होतं?

एकच कारण नाही, दोन-तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट म्हणजे नळ्यांचा आकार. लहान मुलग्यांची फुफ्फुसं मोठी असतात पण त्या मानाने श्वासनळ्या अरुंद, त्यामुळे थोडी सूज आली, थोडा कफ झाला की लगेच घरघर सुरू. लहान मुलींच्या नळ्या फुफ्फुसाच्या मानाने ऐसपैस असतात. वयात आल्यावर मुलग्यांची छाती आणि नळ्या दोन्ही जोरात वाढतात, आणि ही वाढ मुलींपेक्षा जास्त वर्षं चालते, अगदी विशीच्या उंबरठ्यापर्यंत. मुलींची वाढ लवकर सुरू होते आणि लवकर थांबते.

दुसरी गोष्ट हार्मोन्स. टेस्टोस्टेरॉन ॲलर्जीवाल्या सुजेला बऱ्यापैकी आवर घालतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणि माणसांच्या पेशींवरच्या कामात दिसलंय, म्हणजे मुलग्यांना वयात येताना एक प्रकारचं संरक्षण मिळतं. इस्ट्रोजेनचा कल त्याच्या उलट, ते ही सूज वाढवायला हातभार लावतं. मुलींमध्ये तर हे हार्मोन दर महिन्याला वरखाली होत असतं, त्यामुळे त्रासही सगळे दिवस सारखा राहत नाही.

अमेरिका आणि कॅनडात 'चाइल्डहूड अस्थमा मॅनेजमेंट प्रोग्राम' नावाचा मोठा अभ्यास झाला, ५ ते १२ वर्षांची दमा असलेली १०४१ मुलं त्यात घेतली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्यात मेथाकोलीनची टेस्ट करायचे, म्हणजे नळ्या आकसवणारं औषध थोडं थोडं हुंगायला देऊन बघायचं की कितीला नळ्या आकसतात. सोळाव्या वर्षापर्यंत मुलग्यांच्या नळ्या आकसायला मुलींच्या दुपटीपेक्षा जास्त औषध लागायला लागलं. मुलग्यांच्या नळ्यांचा चिडखोरपणा वयाबरोबर कमी होत गेला, मुलींचा फारसा झाला नाही.

माझ्या मुलाला दोन वर्षं काही त्रास नाही, दमा गेला ना? पंप बंद करू का?

मुलग्यांमध्ये असं होण्याची शक्यता खरंच जास्त असते, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबरही असू शकतो. पण त्रास नाही म्हणजे नळ्यांमधली सूज गेली असं नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास झालाय, त्यातल्या साधारण १२ टक्के लोकांची घरघर लहानपणी होऊन थांबली होती आणि २६ व्या वर्षापर्यंत परत आली. म्हणजे मध्ये शांत वर्षं गेली आणि मग पुन्हा तेच.

तर स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर आधी स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकून करायची फुफ्फुसांची टेस्ट, करतील, मग डोस कमी करतील, दोन-तीन महिने बघतील, परत कमी करतील. आणि हे परीक्षेच्या किंवा सर्दी-तापाच्या सीझनमध्ये सुरू करायचं नाही, शांत दिवस बघून करायचं. रिलिव्हर पंप, म्हणजे त्रास झाला की घ्यायचा निळा पंप, घरात ठेवायचाच आणि त्याची एक्स्पायरी बघत राहायची.

मुलीला लहानपणी काहीच नव्हतं, तेराव्या वर्षी दमा कसा निघेल?

निघतो. टीनएजमध्ये नव्याने सुरू होणारा दमा मुलींमध्ये जास्त असतो. अडचण अशी की कोणाच्या मनातच येत नाही. खोकला येतो तर घसा खराब आहे म्हणतात, जिना चढताना धाप लागते तर स्टॅमिना नाही म्हणतात, रात्री झोपमोड होते तर मोबाईल बघत असेल म्हणतात. महिनोनमहिने असेच जातात.

रात्री किंवा पहाटे खोकला, हसल्यावर किंवा पळून आल्यावर खोकला, प्रत्येक सर्दी छातीत उतरणं आणि पंधरा-पंधरा दिवस रेंगाळणं, छातीत शिट्टीसारखा आवाज, यातलं काहीही पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासा. ज्या मुलींना पाळी फार लवकर येते त्यांच्यात पुढे दम्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय, हेही डॉक्टरांना सांगायला हरकत नाही. याचा अर्थ लवकर पाळी आली की दमा होणारच असा मुळीच नाही.

पाळी यायच्या आधी माझा दम वाढतो असं मला वाटतं. हे खरं असतं की मनाचे खेळ?

खरं असतं. दमा असलेल्या बायकांपैकी साधारण २० ते ४० टक्के जणी सांगतात की पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत किंवा पहिल्या दिवशी त्रास वाढतो, आणि काहींची पीक फ्लोची, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो त्याची, रीडिंग्जही त्या दिवसांत खाली येतात.

तू एक काम कर. पीक फ्लो मीटर घे, रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना, पंप घ्यायच्या आधी, उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. त्याच वहीत किंवा फोनच्या कॅलेंडरमध्ये पाळीच्या तारखा, रात्रीचा खोकला आणि रिलिव्हर किती वेळा लागला ते लिही. दोन-तीन महिन्यांचं असं पान समोर ठेवलं की डॉक्टरांना एका नजरेत कळतं आणि 'तुला वाटतंय गं' असं कोणी म्हणू शकत नाही. बहुतेक वेळा असं निघतं की रोजचा कंट्रोलर पंप (सूज कमी ठेवणारा) नीट घेतला जात नव्हता आणि तो नियमित केल्यावर ते चार-पाच दिवसही सुसह्य होतात. तरीही घसरण राहिली तर त्या दिवसांपुरता डोस बदलायचा का ते डॉक्टर ठरवतात.

पाळीत पोट दुखतं म्हणून गोळी घेते, दमा असताना चालते का?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात आणि तो विचारायलाच हवा. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी एकाच जातीची औषधं. दमा असलेल्या बहुतेकांना ती चालतात, पण काहींना त्यांनी दम्याचा अटॅक येतो, कधी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात तर कधी दोन-तीन तासांनी. सोबत नाक गच्च होणं, डोळे-चेहरा लाल होणं असंही होतं. नाकात पॉलिप (मऊ गाठी) असतील किंवा दमा गंभीर असेल तर जास्त जपायचं.

पूर्वी ही गोळी घेऊन काही झालं नसेल तर उगाच घाबरू नका. पण घेतल्यावर कधी दम लागला असेल तर ती परत घेऊ नका आणि डॉक्टरांना सांगा. अशांना पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुधा चालतं.

मुलगी खेळताना एकदम श्वास अडकल्यासारखं करते, पंपाने काही फरक पडत नाही. पंप स्ट्राँग हवा का?

थांबा, आधी नीट बघा. पंप वाढवत नेण्याआधी हा त्रास छातीत आहे की गळ्यात ते ठरवायला पाहिजे. टीनएज मुलींमध्ये, त्यातही स्पर्धेत उतरणाऱ्या आणि जीव तोडून खेळणाऱ्या मुलींमध्ये, व्यायाम करताना स्वरयंत्राचा भाग आत ओढला जाऊन वाट अरुंद होते. मुलग्यांनाही होतं, पण मुलींना जास्त. एक कारण असं सांगतात की वयात येताना मुलग्यांचं स्वरयंत्र चांगलंच मोठं होतं आणि मुलींचं त्या मानाने लहानच राहतं.

मैदानाच्या कडेला उभं राहून बघाल तर फरक कळतो. गळ्याच्या त्रासात मुलगी पूर्ण जोरात पळत असतानाच अडकते, हात गळ्याकडे जातो, श्वास आत घेताना घोगरा किंवा चिरकल्यासारखा आवाज येतो, आणि थांबली की पाच मिनिटांच्या आत बरीचशी मोकळी होते. व्यायामाच्या दम्यात उलट, बऱ्याचदा पळणं संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी जोर चढतो, हात छातीवर असतो, शिट्टी श्वास सोडताना वाजते, खोकला येतो आणि पूर्ण शांत व्हायला अर्धा-एक तास लागतो. आधी सल्ब्युटामॉल (निळ्या पंपातलं औषध) घेतलं तर दम्यात फरक पडतो, गळ्यात पडत नाही.

शक्य असेल तर त्या वेळचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल झालेलं असतं म्हणून व्हिडिओ सोन्यासारखा उपयोगी पडतो. नक्की निदान करायला नाकातून बारीक दुर्बीण घालून ट्रेडमिलवर पळवत स्वरयंत्र बघतात, सगळीकडे ही सोय नसते. उपाय औषधाचा नाही, श्वासाच्या व्यायामाचा आहे, स्पीच थेरपिस्ट किंवा फिजिओ शिकवतात. आणि एक, दोन्ही त्रास एकाच मुलीला असू शकतात, त्यामुळे गळ्याचं निघालं म्हणून दम्याचा पंप फेकून द्यायचा नाही.

डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे होतंय. म्हणजे आजार नाहीच का?

टेन्शनमुळे श्वास बिघडतो हे खरं आहे. भराभर वरवरचा श्वास, सारखे मोठे उसासे, पोटभर हवाच मिळत नाही असं वाटणं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, चक्कर. हा त्रासही खरा असतो, मुलगी नाटक करत नसते, आणि त्यालाही उपचार आहे.

पण मला राग येतो तो या गोष्टीचा की मुलगी असली की हे उत्तर फार पटकन दिलं जातं. टेन्शन म्हणायच्या आधी निदान स्पायरोमेट्री झाली का? पीक फ्लोची डायरी बघितली का? नसेल तर शांतपणे विचारा, तो तुमचा हक्क आहे. शिवाय दमा आणि घाबरणं एकमेकांना वाढवतात, दम लागला की भीती वाटते आणि भीतीने श्वास आणखी बिघडतो, त्यामुळे दोन्हीकडे बघावं लागतं.

धाप लागते पण खोकला नाही, शिट्टी नाही. मग काय असेल?

मुलींमध्ये पहिलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पाळीत रक्त जास्त जात असेल तर शरीरातलं लोह कमी होतं, मग जिना चढला की धाप, छातीत धडधड, थकवा. साधी रक्ताची तपासणी आहे आणि कितीतरी वेळा उत्तर तिथेच सापडतं.

मुलग्यांमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवा. छातीचं हाड मध्ये आत दबलेलं असणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त दिसतं आणि उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत ते ठळक होतं, काहींना व्यायाम करताना दम लागतो. मुलगे शर्ट काढायला लाजतात, म्हणून घरच्यांना कळतच नाही. दुसरी गोष्ट तातडीची आहे. उंच, सडपातळ मुलग्याला बसल्या जागी अचानक छातीत एका बाजूला टोचल्यासारखं दुखून धाप लागली तर फुफ्फुसाबाहेर हवा साठून फुफ्फुस दबलेलं असू शकतं. पंप मारत बसू नका, लगेच एक्स-रे करायला न्या.

मुलगा विचारलं की 'काही नाही, ठीक आहे' एवढंच म्हणतो. खरं कसं कळणार?

हा मुलग्यांमधला मोठा प्रश्न आहे. बरेच मुलगे मित्रांसमोर पंप काढत नाहीत, त्यांना तो कमजोरपणा वाटतो, खेळात मागे पडले तरी बूट चावतायत म्हणून सांगतील पण दम लागला म्हणणार नाहीत. मुली त्रास बोलून दाखवतात पण बऱ्याचदा खेळणंच सोडून देतात, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

'बरं आहे का' असं विचारून काही हाती लागत नाही. नेमकं विचारा, या आठवड्यात रात्री किती वेळा उठलास, पूर्ण वेळ खेळलास की मधेच गोलकीपर झालास, निळा पंप किती वेळा लागला. पंपावर काउंटर असेल तर आकडा बघा, पण पोलिसगिरी नको. आणि तपासणीला गेल्यावर थोडा वेळ मुलाला किंवा मुलीला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या, सिगारेट, पाळी, भीती हे आईबाबांसमोर निघत नाही.

पंपात स्टेरॉइड असतं. उंची खुंटेल, वजन वाढेल, मुलीच्या तोंडावर केस येतील, पाळी बिघडेल?

जिमवाले जे घेतात ते स्टेरॉइड वेगळं, पंपातलं वेगळं. पंपाने दंड फुगत नाहीत आणि नेहमीच्या डोसमध्ये तोंडावर केस येणं, पाळी बिघडणं असलं काही होत नाही. वजन वाढतं ते पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या पुन्हा पुन्हा किंवा बरेच दिवस घ्याव्या लागल्या तर. आणि त्या कधी लागतात, पंप नीट न घेतल्यावर.

उंचीचं मात्र लपवायचं कारण नाही. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात ज्या मुलांनी काही वर्षं रोज ब्युडेसोनाइड (पंपातलं स्टेरॉइड) घेतलं त्यांची मोठेपणीची उंची साधारण १.२ सेंटीमीटरने कमी भरली. फरक सुरुवातीच्या काळात पडला, दरवर्षी वाढत गेला नाही. नीट न सांभाळलेल्या दम्यानेही वाढ मागे पडते. म्हणून सगळ्यात कमी पण पुरेल असा डोस, आणि पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं.

रोजचा पंप नको, त्रास झाला की निळा पंप मारतो, चालतं ना?

नाही चालत. निळा पंप नळी सैल करतो, सूज तशीच राहते. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की १२ वर्षांच्या पुढे कोणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सोबत इन्हेल्ड स्टेरॉइड पाहिजेच. आता ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टेरॉइड आणि नळी सैल करणारं औषध एकत्र) असा एकच पंप रोजच्यासाठी आणि त्रासाच्या वेळीही वापरायची पद्धत आहे, पंप विसरणाऱ्या टीनएजर्सना ती सोपी पडते, डॉक्टरांना विचारा.

मोंटेलुकास्टची गोळी घेतोय, मुलगा हल्ली फार चिडतो. संबंध आहे?

असू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने या गोळीवर मूड, झोप आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळ्यांना असं होत नाही, पण वागणं बदललं, भयानक स्वप्नं पडायला लागली तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वजन जास्त असेल तर?

वजन आणि दमा यांचा संबंध आहे, आणि काही अभ्यासांत तो मुलींमध्ये जास्त ठळक दिसला. पण मुलीला जाडीवरून बोलणं हा उपचार नाही. दमा आधी आटोक्यात आणा म्हणजे तिला हालचाल करता येईल, खेळता येईल.

सिगारेट किंवा वेप कधीतरीच, त्याने काय होतंय?

फुफ्फुसं वाढायच्या वयात होतं. अमेरिकेत १० ते १८ वयाच्या मुलामुलींवर झालेल्या आणि १९९६ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांची वाढ मंदावलेली दिसली आणि मुलींना त्याचा फटका मुलग्यांपेक्षा जास्त बसला. वेपमधूनही निकोटीन आणि फ्लेवरची रसायनं नळ्यांत जातात आणि दमा चाळवतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या नळ्यांवर इन्हेल्ड स्टेरॉइड कमी काम करतं, हेही त्यांना सांगा.

खेळ, पळणं, पोहणं बंद करायचं का?

अजिबात नाही. दमा असलेले खेळाडू ऑलिम्पिकमध्ये मेडल घेऊन येतात. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वॉर्मअप, थंडीत नाक-तोंडावर कापड, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाच्या १०-१५ मिनिटं आधी रिलिव्हर. दरवेळी आधी पंप मारावा लागतोय म्हणजे रोजचा उपचार कमी पडतोय.

कोणती टेस्ट करायची?

स्पायरोमेट्री, पंपाच्या आधी आणि नंतर. पंपानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून जास्त वाढली (मोठ्यांमध्ये सोबत २०० मिलिलिटरही) तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा. रिपोर्ट मुलगा की मुलगी, वय आणि उंची यांवरून काढतात, म्हणून उंची त्याच दिवशी मोजलेली हवी, या वयात सहा महिन्यांपूर्वीची उंची चालत नाही. टेस्ट नॉर्मल आली तरी दमा नाही असं नसतं, बऱ्या दिवसात ती नॉर्मलच येते. त्रास असेल त्या दिवशी परत करा.

अटॅक आला तर नक्की काय करायचं?

मुलाला सरळ बसवा, झोपवू नका. ऑस्ट्रेलियात शिकवतात ती पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: निळ्या पंपाचे स्पेसरमधून (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) ४ पफ, एका वेळी एकच पफ आणि प्रत्येक पफनंतर स्पेसरमधून ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत तेच परत परत चालू ठेवा. डॉक्टरांनी लेखी प्लॅन दिला असेल तर तो पाळा, त्याचा फोटो मुलाच्या फोनमध्ये आणि शाळेत असू द्या.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जातेय, ओठ निळे पडतायत, गुंगी येतेय, तर चार मिनिटंही थांबू नका. आणि छातीतली शिट्टी एकदम बंद झाली पण मुलगी अजून धडपडतेय, तर तिला बरं वाटतंय असं समजू नका, त्याचा अर्थ हवा आत-बाहेर जातच नाहीये, तिला तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटलला हलवा.